ॲप नेटिव्ह करावे की क्रॉस-प्लॅटफॉर्म? केळी पट्ट्यातील एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. यावल तालुक्यातील एका फ्रूटसेल सोसायटीला (सभासदांची फळे विकणाऱ्या सहकारी संस्थेला) केळी उत्पादक सभासदांसाठी मोबाइल ॲप करून घ्यायचे आहे. रोजचा भाव, कटाईची नोंद, काट्यावरचे वजन, छापील पावती आणि सभासदाचा खातेउतारा एवढ्या गोष्टी त्यात हव्या आहेत. ॲप करणारे तिघे तरुण जळगावच्या महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडले असून त्यांना फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप करण्याचे साधन) चांगले येते. काही संचालकांकडे आयफोन आहेत आणि ॲप आपल्याही फोनवर चालले पाहिजे असा त्यांचा आग्रह आहे. खर्च एकदाच व्हावा, ही सचिवांची अपेक्षा आहे. विचारणाऱ्याने शेवटी लिहिले आहे की, नेटिव्ह चांगले की क्रॉस-प्लॅटफॉर्म, तेवढे स्पष्ट सांगा. (नेटिव्ह म्हणजे एका प्रकारच्या फोनसाठी वेगळे लिहिलेले ॲप आणि क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे एकच कोड दोन्हीकडे; खुलासा पुढे येतो.)

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून. काट्यापाशी उभे राहून नोंद करणाऱ्या माणसाचे ॲप अँड्रॉइडवर, कोटलिन या अँड्रॉइडच्या भाषेत, नेटिव्ह करावे. भाव आणि उतारा पाहणाऱ्या सभासदाचे ॲप फ्लटरमध्ये केले तरी काही बिघडत नाही. संचालकांच्या आयफोनसाठी यंदा वेगळे ॲप करूच नये. त्यांना ब्राउझरमध्ये उघडणारे पान द्यावे. उत्तराचे असे तीन तुकडे पडतात, कारण प्रश्नात ज्या सगळ्यांना एका ओळीत बसवले आहे ती तीन निराळ्या गरजांची माणसे आहेत, आणि एकाची निकड दुसऱ्याच्या खिजगणतीतही नसते.

दोन्ही मार्गांत नेमके काय वेगळे घडते, ते आधी पाहू. नेटिव्ह म्हणजे अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा आणि आयफोनसाठी स्विफ्ट, अर्थात फोनची प्रणाली बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेल्या साधनांनी लिहिलेले ॲप. क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे एकदा लिहिलेला कोड दोन्हीकडे चालवणे. पण या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या पद्धती येतात. फ्लटर पडद्यावरचे प्रत्येक बटण, प्रत्येक अक्षर स्वतःच्या इंजिनाने रंगवते आणि ते इंजिन ॲपबरोबरच फोनवर येते. रिॲक्ट नेटिव्ह जावास्क्रिप्टमधून फोनचीच मूळ बटणे आणि रकाने मागवून घेते. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर 2023 मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाले. त्यात हिशेब, नियम आणि डेटाबेस यांचा कोड सामाईक ठेवून पडदे दोन्हीकडे वेगळे लिहिता येतात. त्यामुळे क्रॉस-प्लॅटफॉर्म जड असते किंवा हलके असते, असे सरसकट विधान करणाऱ्याला त्याने कशाचा अनुभव घेतला आहे, हे आधी विचारावे.

आता फायदा कोणाला आणि भुर्दंड कोणाला, हा खरा मुद्दा. एकाच कोडमुळे वेळ वाचतो तो करणाऱ्याचा आणि पैसा वाचतो तो मालकाचा. एक चूक एकदाच दुरुस्त करावी लागते, माणसे कमी लागतात, दोन्ही फोनांवर सुविधा एकाच दिवशी पोहोचते. वापरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या वाट्याला येतात ते काही अधिक एमबी, साध्या फोनवर उघडताना होणारा थोडा उशीर आणि प्रणालीतली नवी सोय ॲपमध्ये उतरण्यासाठी करावी लागणारी प्रतीक्षा. बऱ्यापैकी फोनवर हा फरक डोळ्यांना जाणवतही नाही, आणि फ्लटर मंदच असते असे आज म्हणणे म्हणजे जुनी ऐकीव माहिती पुढे ढकलणे होय. फरक जाणवतो तो दोन-तीन जीबी रॅमच्या, व्हॉट्सॲपच्या फोटोंनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी गच्च भरलेल्या फोनवर, आणि सभासदांकडे असे फोन मोठ्या संख्येने असतात. दुसरे म्हणजे, यावल-रावेरच्या गावांत सभासदांच्या हातात जवळजवळ सगळीकडे अँड्रॉइडच आहे. एका कोडमध्ये दोन प्रकारचे फोन, या सौद्यातला दुसरा प्रकार जिथे नावापुरता आहे, तिथे सौद्याची किंमत पूर्ण मोजली जाते आणि माल अर्धाच पदरात पडतो.

काट्यापाशी असलेल्या माणसाकडे मी सर्वांत जास्त लक्ष देईन, कारण सोसायटीचा पैसा त्याच्या नोंदीवर अवलंबून आहे. वैशाखात या पट्ट्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उन्हात धरलेला फोन तापला की प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो आणि पडद्याचा उजेडही उतरतो. माणसाच्या बोटांना केळीचा चीक लागलेला असतो, बाजूला ट्रक भरायचा थांबलेला असतो, व्यापाऱ्याचा माणूस घाई करत असतो आणि बागेत नेटवर्क असेलच असे नसते. अशा वेळी ॲपच्या देखणेपणाला काही अर्थ उरत नाही. वजन हाताने न टाइप करता काट्यावरून थेट यावे, पावती तिथल्या तिथे छापली जावी आणि केलेली नोंद कोणत्याही कारणाने हरवू नये, एवढेच त्याचे मागणे असते, आणि या तिन्ही गोष्टी थेट फोनच्या प्रणालीशी व यंत्रांशी भिडणाऱ्या आहेत.

यातला ब्लूटूथचा भाग नीट समजून घ्यावा, कारण बहुतेक आराखडे इथेच फसतात. बाजारात मिळणारे बरेचसे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आणि 58 मिलिमीटर कागदाचे छोटे थर्मल प्रिंटर जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर, सिरियल पोर्ट प्रोफाइल वापरून बोलतात. अँड्रॉइडला ही भाषा सहज येते. आयफोनवर मात्र अशा जुन्या ब्लूटूथ यंत्राशी ॲपला बोलायचे असेल, तर ते यंत्र ॲपलच्या एमएफआय कार्यक्रमातून मान्यता घेतलेले असावे लागते. साध्या काट्याला अशी मान्यता नसते. ब्लूटूथ लो एनर्जी या कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारावर चालणारे यंत्र असेल तर आयफोनवर मार्ग मोकळा होतो, पण त्यासाठी काटाच बदलावा लागेल. म्हणजे फ्लटरमध्ये लिहा किंवा स्विफ्टमध्ये, सध्याचा काटा आयफोनशी जोडला जाणार नाही. कोड एकच असला म्हणून दोन्ही फोनांची कुवत एक होत नाही, ही गोष्ट सचिवांना आणि संचालकांना करार करण्यापूर्वीच समजावून सांगावी.

अँड्रॉइडवरही हे काम निसरडे आहे. 2021 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 12 पासून आसपासची यंत्रे शोधण्याची आणि त्यांच्याशी जोडले जाण्याची परवानगी वेगवेगळी मागावी लागते. त्याआधीच्या फोनांवर यंत्र शोधायला लोकेशनची परवानगी लागत असे. जुने आणि नवे दोन्ही फोन सांभाळायचे, तर दोन्ही वाटा कोडमध्ये ठेवाव्या लागतात. फ्लटरमध्ये हे काम तयार प्लगिनवर, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेल्या जोडकोडवर, सोपवले जाते. प्लगिन उत्तम असेल तर चार दिवसांचे काम एका दिवसात होते, यात शंका नाही. पण ब्लूटूथची बरीचशी प्लगिने एखाद्या व्यक्तीने आपल्या गरजेपुरती लिहिलेली असतात आणि तिची गरज संपली की त्यांची देखभालही थांबते. गूगल प्ले दरवर्षी ॲपला नव्या अँड्रॉइड आवृत्तीशी जुळवून घ्यायला लावते. त्या वेळी मागे पडलेले एक प्लगिन सगळ्या ॲपचे अद्यतन अडवून धरते, आणि नेमका तेव्हा हंगाम जोरात असू शकतो. कोटलिनमध्ये हेच काम थेट अँड्रॉइडच्या अधिकृत साधनांवर होते. कोड जास्त लिहावा लागतो, पण तो अडला तर दुरुस्ती आपल्याच हातात राहते. या एका कारणासाठीही काट्याचे ॲप मी नेटिव्ह करीन.

नेटिव्ह केले म्हणजे वेग आपोआप येतो, असेही समजू नये. अँड्रॉइडचे पडदे आता बहुतेक ठिकाणी जेटपॅक कंपोजमध्ये लिहिले जातात. 2021 मध्ये स्थिर झालेले हे साधनही ॲपबरोबर येणारी लायब्ररीच आहे, आणि बेसलाइन प्रोफाइल (कोणता कोड आधीच तयार ठेवायचा हे फोनला सांगणारी यादी) जोडली नाही तर साध्या फोनवर पहिल्यांदा उघडताना तेही अडखळते. तसेच पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामाचा प्रश्न दोन्ही मार्गांना सारखाच छळतो. फोन निजलेला असताना ॲपांना आवर घालणारी डोझ ही व्यवस्था 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून आहे, ठरावीक अंतराने करायचे काम 15 मिनिटांहून कमी अंतराने लावता येत नाही, आणि त्यावर कडी म्हणून कित्येक फोन कंपन्यांची स्वतःची बॅटरी बचत पार्श्वभूमीतले ॲप सरळ बंद करून टाकते. फोन खिशात असताना नोंदी आपोआप वर जातील, या भरवशावर कोणतीही रचना उभी करू नये. किती नोंदी पाठवायच्या बाकी आहेत, तो आकडा पडद्यावर ठळक दिसावा आणि शेजारी "आता पाठवा" असे बटण असावे.

नोंद हरवू नये, ही मागणी तर भाषेच्या किंवा साधनाच्या निवडीने सुटतच नाही. तिचा विचार आराखड्यातच करावा लागतो. प्रत्येक नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये पक्की व्हावी आणि मग पाठवण्याच्या रांगेत जावी. तिला फोनवरच जागतिक अद्वितीय ओळख क्रमांक मिळावा, म्हणजे नेटवर्क तुटून तीच नोंद दोनदा गेली तरी सर्व्हर ती एकदाच धरील. पावती क्रमांकाची अडचण याहून बारीक आहे. हिशेब तपासनीसाला पावत्या अनुक्रमाने लागतात. पण दोन बागांत, नेटवर्क नसताना दोन फोनांनी पावत्या फाडल्या तर दोघेही एकच पुढचा क्रमांक देतील. म्हणून प्रत्येक फोनला स्वतःचे अक्षर द्यावे आणि त्या अक्षरापुढे त्या फोनचा अनुक्रम चालवावा. कागदी पावती पुस्तकांचे निरनिराळे संच सोसायट्या वर्षानुवर्षे याच रीतीने वापरत आल्या आहेत, त्यामुळे सचिवांना हे लगेच पटते. नेटिव्ह की फ्लटर यावर पंधरा दिवस चर्चा करणाऱ्या चमूने या एका गोष्टीवर एक पूर्ण दिवस दिला, तरी वापरणाऱ्याचे अधिक भले होईल.

सभासदाची गोष्ट निराळी आहे. तो दिवसातून एक-दोनदा ॲप उघडतो. आजचा भाव काय, आपल्या मालाचे वजन किती धरले आणि पैसे कधी जमा होणार, एवढे त्याला पाहायचे असते. यात याद्या, आकडे आणि एखादा फोटो यांपलीकडे काही नाही, आणि असले काम फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह अगदी नीट करतात. तुमच्या चमूला फ्लटर येत असेल तर इथे ते निःसंकोच वापरा. फक्त सभासदाच्या प्राधान्यांचा क्रम ध्यानात ठेवा. ॲप उघडताच शेवटचा साठवलेला भाव दिसावा आणि त्याखाली तो कोणत्या दिवशीचा, किती वाजताचा आहे हे लिहिलेले असावे. नेटवर्कची वाट पाहत फिरणारे चक्र दिसू नये. ॲपचा आकार लहान राहावा, कारण जागा कमी पडली की पहिले ॲप आपलेच काढले जाते. वयस्क सभासद फोनमध्ये अक्षरे मोठी करून ठेवतात, आणि अँड्रॉइड 14 पासून ती दुपटीपर्यंत वाढवता येतात. ठरावीक उंचीच्या चौकटी केल्या असतील, तर नेमका भावाचा आकडा कापला जातो. याद्यांमध्ये लांब नावे ठरावीक लांबीवर तोडताना संगणकाच्या अक्षरसंख्येने तोडली तर जोडाक्षर अर्धवट राहते आणि मात्रा-वेलांट्या निखळतात. फ्लटरच्या डार्ट भाषेत यासाठी वेगळे कॅरॅक्टर्स पॅकेज आहे, आणि कोटलिनमध्येही अक्षरांच्या खऱ्या सीमा पाहूनच कापावे लागते. अंध सभासदासाठी टॉकबॅक हा पडदावाचक मूळ बटणे सहज ओळखतो. फ्लटर सगळे स्वतः रंगवत असल्यामुळे टॉकबॅकला वाचता येईल असा वेगळा आराखडा ते तयार करून देते खरे, पण स्वतः घडवलेल्या चित्ररूप बटणांना नावे देण्याचे काम करणाऱ्यालाच करावे लागते, आणि ते बहुतेकदा राहून जाते.

आता संचालकांचा आयफोन. त्यांची इच्छा अवाजवी नाही. संस्था त्यांच्या जबाबदारीवर चालते आणि आकडे त्यांना हाताशी हवे असतात. पण त्यांना जे हवे ते अहवाल आहेत: आज किती कटाई झाली, कोणत्या व्यापाऱ्याकडे किती येणे आहे. त्यासाठी ॲप करायचे तर मॅक संगणक लागतो, ॲपलला दरवर्षी 99 डॉलर भरावे लागतात (गूगल प्लेचे 25 डॉलर एकदाच भरायचे असतात), आणि दर वेळी परीक्षणातून जावे लागते. केवळ संकेतस्थळाचे पान गुंडाळून ॲप म्हणून दिले, तर पुरेशी उपयुक्तता नाही म्हणून ॲपल ते नाकारू शकते. शिवाय ज्यांना आयफोनची सवय आहे त्यांचे डोळे त्या फोनच्या रूपाला सरावलेले असतात. ॲपलने 2025 मध्ये लिक्विड ग्लास हे नवे रूप आणले, तेव्हा मूळ घटक वापरणारी ॲपे नव्या साधनांनी पुन्हा बांधताच बरीचशी त्या रूपात आली; फ्लटरची ॲपे स्वतःच रंगवत असल्यामुळे जुन्याच रूपात राहिली. चांगले केलेले वेब पान ही सगळी कटकट टाळते. ते होम स्क्रीनवर ठेवता येते, आणि 2023 च्या मार्चमध्ये आलेल्या आयओएस 16.4 पासून असे ठेवलेले पान सूचनाही पाठवू शकते.

याच खान्देशात मी याच्या अगदी उलट सल्लाही देईन. जळगावच्या एखाद्या सराफी पेढीचे गिऱ्हाईक पुणे, मुंबई, सुरत असे पसरलेले असते, त्यात आयफोनवाले पुष्कळ असतात, आणि ॲपमध्ये असतात ते दागिन्यांचे फोटो, दिवसाचा दर आणि भेटीची वेळ. तिथे दोन वेगळी नेटिव्ह ॲपे करणे हा निव्वळ दुप्पट खर्च आहे. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह यांतले जे चमूला येते ते घ्यावे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर आरोग्याच्या नोंदी घेणाऱ्या संस्थेलाही क्रॉस-प्लॅटफॉर्म चालते, कारण तिथे कस लागतो तो दिवसभर नेटवर्कशिवाय चालण्याचा, बॅटरी टिकण्याचा आणि पावरी-भिली बोलणाऱ्या मातांसाठी चित्रे व आवाज देण्याचा. फॉर्म आणि ध्वनी दोन्ही मार्गांनी सारखेच होतात. मात्र एखाद्या वाहतूकदाराला ट्रकचे स्थान पडदा बंद असतानाही सतत हवे असेल, तर मी पुन्हा नेटिव्हकडे वळेन. पार्श्वभूमीतल्या लोकेशनचे नियम अँड्रॉइड 8, 10 आणि 14 या प्रत्येक टप्प्यावर कडक होत गेले आहेत आणि ते बदल थेट सांभाळणेच सोपे जाते.

मोठ्या कंपन्यांची उदाहरणे या वादात नेहमी पुढे केली जातात, म्हणून त्यांविषयी थोडे. फेसबुकने 2012 मध्ये एचटीएमएल 5 चा, म्हणजे वेब पानांवर आधारलेल्या ॲपचा, मार्ग सोडून आपले आयफोन ॲप नेटिव्ह केले, आणि त्याच कंपनीने 2015 मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सर्वांसाठी खुले केले. एअरबीएनबीने 2018 मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडत असल्याचे जाहीर केले. त्यांचे मोठे नेटिव्ह ॲप आधीच उभे असल्यामुळे दोनऐवजी तीन ठिकाणचा कोड सांभाळावा लागत होता, हे त्यांच्या कारणांपैकी एक होते. या गोष्टींवरून आपल्या सोसायटीचा निर्णय होत नाही. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: साधनांनाही आयुष्य असते. मायक्रोसॉफ्टने झामारिन या आपल्या क्रॉस-प्लॅटफॉर्म साधनाचा आधार 1 मे 2024 रोजी थांबवला आणि त्यावर लिहिलेली ॲपे नव्या साधनावर नेणे मालकांना भाग पडले. ॲप दहा वर्षे चालवायचे असेल, तर हा खर्च आज धरून ठेवावा.

तुमच्या चमूची बाजू मी दुर्लक्षित करत नाही. तिघांना फ्लटर येते आणि कोटलिन येत नाही, ही खरी अडचण आहे. अर्धवट येणाऱ्या भाषेत घाईने लिहिलेले नेटिव्ह ॲप हे सरावाच्या हाताने लिहिलेल्या फ्लटर ॲपहून वाईटच ठरेल. काट्याचे ॲपही फ्लटरमध्येच करायचे ठरले, तर दोन अटी पाळा. काटा आणि प्रिंटर यांच्याशी बोलणारा भाग तयार प्लगिनवर न सोडता तिघांपैकी एकाने कोटलिन शिकून स्वतः लिहावा आणि प्लॅटफॉर्म चॅनलने (फ्लटर आणि नेटिव्ह कोड यांच्यात निरोप नेणाऱ्या दुव्याने) फ्लटरला जोडावा. हा भाग तुलनेने छोटा असतो आणि पुढे सगळे ॲप नेटिव्ह करायचे झाले तर जसाच्या तसा उचलता येतो. दुसरी अट अशी की, वेगाची परीक्षा कधीही डिबग (चुका शोधण्यासाठीच्या) आवृत्तीवर करू नये, कारण विकासाच्या सोयीसाठी ती मुद्दाम निराळ्या रीतीने चालवली जाते आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष दोन्ही दिशांनी फसवा ठरतो.

निर्णय पक्का करण्यापूर्वी वजन घेऊन पावती छापण्याएवढेच दोन पडदे करा आणि सभासदांकडून मागून घेतलेल्या सर्वांत जुन्या, भरलेल्या फोनवर, भर दुपारी, नेटवर्क बंद ठेवून, खऱ्या काट्याशी जोडून चालवा. काटा चालवणाऱ्या माणसालाच ते वापरू द्या आणि तुम्ही बाजूला उभे राहून तो कुठे थांबतो ते पाहा. गूगल प्लेचे खाते पहिल्या दिवसापासून सोसायटीच्या नावाने काढा. संस्थेच्या खात्याला डन्स क्रमांक (संस्थांना दिला जाणारा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो आणि तो मिळवण्यात काही दिवस जातात, पण वैयक्तिक नव्या खात्याला प्रकाशनापूर्वी किमान 12 परीक्षकांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घेण्याची जी अट आहे ती संस्थेच्या खात्याला लागू होत नाही. तिघांपैकी कोणी पुढे नोकरीसाठी पुण्याला गेले, तरी ॲपचा ताबा, सही करण्याची किल्ली (अद्यतन मूळ मालकाचेच आहे हे सिद्ध करणारी डिजिटल खूण) आणि संपूर्ण कोड सोसायटीकडेच राहील, हे कामाच्या करारात लिहून घ्या.